थोडं अलीकडे

अंतर : १००

गेममधलं कुत्रं स्वतः चालत नाही. त्याला सरकवावं लागतं. पडद्यावरचं चित्र सेकंदाला साठ वेळा नव्याने काढलं जातं आणि दर वेळी कुत्र्याची जागा किंचित बदलायची असते. आमच्या गेममध्ये एक टपालवाली बाई रानातून चालत जाते आणि तिच्या मागे एक पिवळं कुत्रं येतं. ते कुत्रं माझं. त्याचा सगळा जीव एका ओळीत आहे :

कुत्र्याची जागा = कुत्र्याची जागा + (बाईची जागा − कुत्र्याची जागा) × ०.१

म्हणजे दोघांत जेवढं अंतर उरलंय, त्याचा दहावा भाग चाल. पुढच्या चित्रात पुन्हा उरलेल्याचा दहावा भाग. बाई लांब गेली की कुत्रं धावतं, जवळ आलं की आपोआप मंदावतं, पायाशी येताना तर अगदी रेंगाळतं. बघणाऱ्याला वाटतं, किती माया आहे त्याला. खरं तर ते कधीच पोचत नसतं. उरलेल्याचा दहावा भाग चालत राहिलं तर काहीतरी कायम उरतंच. म्हणून आमच्या धंद्यात खाली अजून एक ओळ लिहितात : अंतर फारच कमी राहिलं, तर कुत्र्याला उचलून थेट बाईच्या जागी ठेव. ही ओळ मी लिहिली नाही. माझं कुत्रं थोडं अलीकडेच थांबतं आणि शेपूट हलवतं. त्यावरून माझं आणि टीम लीडचं आठवडाभर वाजलं होतं.

हे सगळं मी उन्मेषला लग्नाआधी, हॉटेलातल्या टेबलावर मीठदाणी आणि मिरपूडदाणी सरकवून समजावलं होतं. त्याने मिरपूडदाणी माझ्या हातातून हळूच काढून घेतली, पलीकडच्या टेबलावर ठेवली आणि बोटं रुमालाला पुसली. मला वाटलं, हात धरायला लाजतोय. तो जीभ सांभाळत होता.

उन्मेष तारळेकर सांगलीजवळच्या एका मसाला कारखान्यात चव तपासतो. यंत्रं आहेत, पण शेवटचा शब्द त्याच्या जिभेचा. नवीन मिरची आली की तिची पूड साखरेच्या पाण्यात कालवून, पातळ करत करत तो घोट घेतो, थुंकतो आणि सांगतो की यात त्या मिरचीची एवढी भर घाला, म्हणजे गेल्या वर्षीसारखं लागेल. अशी जीभ ठेवायची तर घरात नियम आले. कच्चा कांदा नाही, लसूण नाही, मिरची नाही. उदबत्ती नाही, कापूर नाही. साबण बिनवासाचा. लाखो घरांत तिखट पोचवणारा हा माणूस घरी दूधभात खातो.

आणि मी प्रणोती वैरागडे, चंद्रपूरची. आमच्याकडे मे महिन्यात दाराच्या कडीला हात लावला तर भाजतो. रात्रभर कूलर गरगरतो आणि त्याच्यावर आवाज चढवून माणसं बोलतात, त्यामुळे हिवाळ्यातही आम्ही तसेच बोलतो. आईचा ठेचा मी पोळीला लोण्यासारखा लावायचे. उन्मेषचा एसी बावीसवर, मी स्वेटर घालून झोपणार. तो दहाला आडवा, मला दहाला भूक लागणार. ठेचा मी जिन्यात उभी राहून खायचे, कॉलेजची पोरं चोरून सिगारेट ओढतात तसा. खालच्या मजल्यावरच्या आरगेकाकूंना वाटायचं, सुनेला उपाशी ठेवतात की काय. मग एकदा मी घरात फोडणी दिली आणि दुसऱ्या दिवशी त्याचा एक निकाल चुकला. तो काही बोलला नाही. तो काही बोलत नाही याचाच मला राग आला. मी ताटली आपटली. तो आतल्या खोलीत कान झाकून बसला.

दोघांनाही वेगळं व्हायचं नव्हतं. म्हणून आम्ही मिरजेला मणी लावायला गेलो.

मणी तेव्हा नवे होते. दवाखान्यातल्या कर्णिकबाईंनी नीट समजावलं. प्रत्येक शरीराच्या काही ठरलेल्या पातळ्या असतात : किती गारव्याला थंडी म्हणायचं, किती तिखटाला तिखट, किती आवाजाला गोंगाट, किती वाजता झोप, कशाला राग. व्हेगस नावाच्या मज्जातंतूची एक फांदी कानामागे त्वचेच्या अगदी जवळून जाते. तांदळाएवढा मणी तिथे चिकटवला की झोपेत तो बारीक ठोके देतो आणि या पातळ्या तसूतसूने सरकवतो. कुठल्या दिशेने, तर जोडीदाराच्या मण्याकडे बघून. दर आठवड्याला उरलेल्या अंतराचा एक भाग. फोनवरच्या ॲपमध्ये एकच आकडा दिसतो, दोघांतलं उरलेलं अंतर. शंभरापासून सुरुवात. दोनवर आलं की एक लांब ठोका बसतो, ‘जुळले’ अशी अक्षरं येतात, शरीर तिथे कायमचं पक्कं होतं आणि मणी काढून टाकायचे. मधेच काढले तर शरीर कुठेच टिकत नाही, फार त्रास होतो, तेवढं करू नका.

उन्मेषने विचारलं, म्हणजे मधोमध भेटायचं का. बाई म्हणाल्या, साधारण तसंच.

मी एवढ्या मोठ्याने हसले की बाहेरची मुलगी दार उघडून आत डोकावली. कारण ती माझी ओळ होती. हे माझंच कुत्रं होतं. फक्त इथे कुत्री दोन होती आणि दोघांचं लक्ष्य एकमेकांवर. ती मधेच भेटणार, दुसरं काय होणार.

अंतर : ७०

पहिले दोन महिने छान गेले. खरंच छान. आधी स्वेटर सुटला. मग एक दिवस माझं मलाच कळलं की मी साडेदहाला जांभया देतेय. भाजीत मीठमिरची कमी पडली तरी ताट ढकलावंसं वाटेना. आरगेकाकूंनी जिन्यात गाठून विचारलं, आता दिसत नाहीस इथे. मी म्हटलं, भूकच लागत नाही हल्ली. त्यांनी माझ्या पोटाकडे बघितलं आणि अर्थपूर्ण हसल्या. मला हसू आलं, पण आवाज आला नाही. नुसतेच खांदे हलले.

भांडणं थांबली. संध्याकाळी आम्ही दोघं बाल्कनीत शेजारी बसायचो, ॲपवरचा आकडा बघायचो आणि एकमेकांना टाळी द्यायचो. हळू टाळी.

मग चंद्रपूरहून आई आली. रात्रभराच्या प्रवासाने आंबलेली, पण पिशवी सोडायला तयार नाही. पिशवीत लाखोळीच्या डाळीचे वडे, आणि हिरव्या ठेच्याची काचेची बाटली, झाकणावर फडकं घट्ट बांधलेली. ती जावयाचे नियम जाणून होती. म्हणाली, जावईबापू कामावर गेले की आपण दोघी गॅलरीत बसून खाऊ, खिडक्या लावून.

आम्ही बसलो. मी वडा ठेच्यात बुडवला, तोंडात टाकला, आणि पुढचं मला नीट आठवत नाही. डोळ्यांतून, नाकातून पाणी. घशात जळता बोळा अडकल्यासारखं. मी वडा हातावर काढला. आई बघत होती. तिने बाटलीत बोट घातलं, चाटलं, आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं.

“येवढाही तिखट नाई वो तो,” ती म्हणाली. “बिमार हायेस का तू? मले सांग.”

मी तिला मण्यांचं सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग तिचा पहिला प्रश्न असा आला की जावईबापूंना आता ठेचा चालतो का. म्हटलं, अजून नाही, हळूहळू चालेल. ती म्हणाली, मग तू एवढी पुढे गेली आणि ते कुठे थांबले? मी तिला समजावायला तोंड उघडलं आणि बाटलीचं फडकं परत बांधत बसले.

आई गेल्यावर मी एसीचा रिमोट हातात घेतला. बावीस. पहिल्या दिवशीही बावीस होता. आम्ही दोघं मधल्या जागेकडे निघालो असतो, तर आत्तापर्यंत त्याला बावीसमध्ये हुडहुडी भरायला हवी होती. तो पांघरूण बाजूला टाकून झोपत होता. तो अजूनही दहालाच झोपायचा. मिक्सर लावला की अजूनही कान झाकायचा. मी ॲप उघडलं. अंतर कमी होत होतं, यात खोटं काहीच नव्हतं. ॲपवर अंतर दिसतं. कोण चाललं, ते दिसत नाही.

अंतर : ४९

मी त्याला जेवताना विचारलं. मी चांगली तयारी केली होती, पुरावे गोळा केले होते. त्यातलं काही लागलं नाही. त्याने घास ताटात ठेवला आणि सरळ सांगितलं.

मणी लावायच्या आदल्या दिवशी तो कारखान्याच्या डॉक्टरांना भेटला होता. त्यांनी मिरजेला चिठ्ठी दिली : या गृहस्थांची चव हा त्यांचा व्यवसाय आहे, तूर्त यांचा वेग शून्य ठेवावा. नवीन मिरचीचा हंगाम तोंडावर होता. माझी जीभ बायकोच्या दिशेने एक तसू जरी सरकली, तर एका वर्षाचा सगळा माल चुकणार, असं तो म्हणाला. हंगाम संपला की वेग सुरू करायचा, असं त्याने ठरवलं होतं. मग ब्याडगी मिरचीचा दुसरा माल आला. मग हळदीचा हंगाम.

“सांगणार होतो,” तो म्हणाला. “पण तू खूश दिसायला लागलीस. घर शांत झालं. मला वाटलं, आता कशाला.”

“माझी जीभ गेली, उन्मेष.”

“गेली नाही. माझ्यासारखी झाली.”

तो हे टोचून बोलला नव्हता. त्याला खरंच ते वाईट वाटत नव्हतं. त्याच्यासारखी जीभ असणं ही वाईट गोष्ट आहे, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

मी उठले. समोर ताटली होती. मला ती आपटायची होती. असा प्रसंग आला की माझ्या पोटातून एक आग उठते, ती छातीत येते, तिथून हातात जाते, हे मला लहानपणापासून माहीत आहे. मी तिची वाट बघितली. पोटात काहीतरी हललं. छातीपर्यंत आलं. आणि तिथेच, कुणीतरी गॅस बारीक केल्यासारखं, बसून गेलं. कशाला राग म्हणायचं, ही पातळीसुद्धा सरकली होती. तीही आता त्याच्या बाजूला होती.

मी ताटली सिंकमध्ये नेऊन ठेवली. आवाज न करता.

आतल्या खोलीत जाऊन बसल्यावर मला भीती वाटली, ती त्याची नव्हती. ज्या बाईने इथून बाहेर पडायचं होतं, तीच बाई रोज रात्री थोडीथोडी कमी होत होती. मला घाई करायला हवी होती, आणि घाई हीसुद्धा एक पातळीच होती.

अंतर : ३४

मणी बनवणाऱ्या कंपनीत ओजस आहे, हे मला माहीत होतं. ओजस धोटे, नागपूरचा. पुण्याला आम्ही दोघांनी शेजारी बसून कोड लिहिलंय; त्या पिवळ्या कुत्र्याचं भुंकणं त्याच्या आवाजातलं आहे. मी फोन केला, तर त्याने आधी मला ओळखलंच नाही. म्हणाला, बे, तुझा आवाज तर फोनपासून हातभर लांब धरून ऐकावा लागायचा, आज काय झालं?

मी सांगितलं. त्याने चिठ्ठी कुणी दिली ते विचारलं. मग म्हणाला की डॉक्टरची चिठ्ठी असेल तर वेग शून्य करता येतो, ती सोय आहे. आता तो सुरू करायचा तर उन्मेषनेच जाऊन सही करायची. मी म्हटलं, त्याचं राहू दे. मला मागे पाठव. मी जिथून निघाले, ती जागा माझं लक्ष्य कर.

“ती ठेवलेली नाई,” ओजस म्हणाला.

मला एका क्षणात कळलं. त्या ओळीत बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना एकच नाव असतं. नवी जागा जुन्या जागेवरच लिहिली जाते. कुत्रं मगाशी कुठे होतं, हे गेममध्ये कुणालाही नको असतं, म्हणून आम्ही कुणीच ते साठवत नाही. ही आमच्या धंद्याची सवय. ओजसने ती सवय माणसांत आणली होती, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही तेच लिहिलं असतं.

मणी काढला तर? शरीर घसरत जातं, तो म्हणाला, दोन बायका दवाखान्यात आहेत. आईला उन्मेषचा मणी लावला तर? तर तू आईकडे जाशील, तिच्या गुडघ्यांसकट. तू तुझ्याकडे नाही जाणार.

एकच वाट होती. दोन्ही मणी मी एकटीनेच लावायचे. मग माझं लक्ष्य मीच. अंतर शून्य. लांब ठोका. जिथे असेन तिथे पक्की.

“म्हणून लवकर कर,” तो म्हणाला.

अंतर : २४

तरी मी एकदा मणी काढून बघितला. दुपार होती. तासाभरात घाम, मग थंडी, मग दोन्ही एकदम. पंख्याचा आवाज डोक्यात कुऱ्हाडीसारखा, आणि पुढच्या क्षणी काहीच ऐकू येईना. पाणी तोंडात घेतलं तर खारट. फरशीवर पडल्या पडल्या मी मणी चाचपडून परत चिकटवला. उन्मेष आला तेव्हा मी उशीला टेकून बसले होते. त्याने कपाळाला हात लावला. तो हात मला हवासा वाटला, आणि हे माझं वाटणं की मण्याचं, ते मला सांगता येईना.

त्या दिवसापासून मी एक करते. आईने ठेवून दिलेली बाटली फ्रीजमध्ये आहे. सकाळी काडेपेटीतल्या काडीचं मागचं टोक ठेच्यात बुडवते आणि जिभेवर ठेवते. आधी जळतं. मग डोळ्यांत पाणी येतं. मग, सगळ्यात शेवटी, आणखी खावंसं वाटतं. जळणं आता त्याचं आहे. खावंसं वाटणं माझं. ते जेवढं उरलंय, तेवढंच अंतर.

दोन्ही मणी लावायला उन्मेषचा मणी लागणार होता. मागायचं मी रोज ठरवत होते. रोज वाटायचं, आज तो दमलाय.

अंतर : १७

विषय शेवटी त्यानेच काढला. तो कामावरून आला, आणि घर आधीच गार होतं. रिमोट माझ्या हातात होता. तो चपला न काढता दारातच उभा राहिला.

“तू लावलास?” त्याने विचारलं. “बावीसवर?”

मी मान हलवली. त्याचा चेहरा कसनुसा झाला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्याला दिसलं असावं, की घरात आता एकच माणूस आहे आणि तो दोन ठिकाणी बसलाय.

“मी उद्या मिरजेला जातो,” तो म्हणाला. “सही करतो. माझा वेग सुरू होऊ दे. कामाचं जे व्हायचं ते होईल.”

तो मनापासून बोलत होता. याच वाक्यासाठी मी थांबले होते. आणि माझ्या डोळ्यांसमोर आली ती गोदामातली लाल पोती, पातळ साखरपाण्याचे पेले, वर्षाचा चुकलेला माल. मला ते सगळं इतकं पटलं.

“आत्ता नको,” मी म्हटलं. “हंगाम संपू दे.”

वाक्य कुणाचं होतं, ते दोघांनाही कळलं.

अंतर : १२

मग एके दिवशी त्याने स्वतःचा मणी काढला. चष्मा काढावा तसा. त्याला घाम नाही, थंडी नाही. मणी कधी त्याच्याशी बोललाच नव्हता. माझ्या मण्याला मात्र त्याची शेवटची नोंद पुरेशी होती, तो चालत राहिला.

ओजसचं मी त्याला सगळं सांगितलं. त्याने मणी एका काचेच्या वाटीत घातला आणि वाटी फ्रीजवर, ठेच्याच्या बाटलीच्या बरोबर वर ठेवली. म्हणाला, तुला वाटेल तेव्हा लाव, मी विचारणार नाही.

आज नको, असं मला वाटलं. घाईत ठरवायची गोष्ट नाही ही.

अंतर : ८

हंगाम लांबला. मी दहाला झोपते. वाटी पुसते, मणी तिच्यात परत ठेवते. टीम लीडने विचारलं, कुत्रं थेट बाईच्या पायाशी आणू या का. मी म्हटलं, हरकत नाही. मग बराच वेळ त्या पिवळ्या कुत्र्याकडे बघत बसले. ओळ मात्र लिहून झाली नाही.

अंतर : ६

आईचा फोन आला. नवीन मिरचीचा ठेचा केलाय, म्हणाली, पाठवू का?

मी म्हटलं, नको, वाया जाईल.



“मंग मी कोनासाठी केला?” तिने विचारलं.

अंतर : ४

हात वाटीकडे नेला. अर्ध्यात थांबला. आज उशीर झालाय, असं वाटलं. उरलेल्याच्या अर्ध्यात पुन्हा थांबला. मग बोटांना काच लागली.

अंतर : ३

दोन्ही कानांमागे मणी. एक लांब ठोका. ॲपवर शून्य, जुळले. उन्मेषच्या थोडं अलीकडे.

काडी बुडवली. जिभेवर ठेवली. जळलं. पाणी आलं. वाट बघितली.

आणखी हवंसं वाटलं. थोडं.

अंतर : ३

“आई, पाठव.”